बाकावरचं नाव

अशोक, पार्कात तुझ्या नावाचा बाक बसणार आहे. अभिनंदन. नदीकाठी, लाकडी पुलाच्या अलीकडे, जिथे दम लागला की तू बुटाची नाडी बांधायचं सोंग करायचास, बरोबर त्या वळणावर. इथल्या मराठी मंडळाने सिटीशी बोलून सगळं ठरवलंय. काल दुपारी विवेक आणि अनघा घरी आले, बाकाच्या पाटीवर काय लिहायचं ते मला वाचून दाखवलं आणि गेले. तेव्हापासून माझं डोकं जे तापलंय ते अजून खाली आलेलं नाही. तुला जाऊन अजून महिना व्हायचाय, आणि मला तुझ्याशी कडाकडा भांडायचंय. गेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये म्हणतात. मी तुझ्याविषयी बोलतच नाहीये. तुझ्याशी बोलतेय, तुझ्या तोंडावर.

आधी पाटी ऐक. 'थोर समाजसेवक, मंडळाचे आधारस्तंभ, सर्वांचे लाडके अशोककाका यांच्या स्मृतीस सादर.' खाली मंडळाचं नाव, तुझ्या नावाहून मोठ्या अक्षरांत. आधारस्तंभ म्हणे! गणपतीच्या आदल्या दिवशी हॉलमध्ये खुर्च्या मांडायची वेळ आली की ज्याची पाठ नेमकी धरायची, तो आधारस्तंभ. तू मंडळात जायचास ते बटाटेवड्यांसाठी आणि दोन टवाळ मित्रांसाठी. हे मला माहीत होतं, तुला माहीत होतं आणि वडे तळणाऱ्या बायकांनाही माहीत होतं.

"काकू, दोन लाइन्स मराठीत आणि दोन इंग्लिशमध्ये," विवेक म्हणाला. विवेक यंदाचा अध्यक्ष. पुण्याचा, इथे अमेरिकेत ट्रॉयमध्ये आयटीत आहे, मुलगा चांगला, पण साधं हळदीकुंकू असलं तरी त्याचं प्रेझेंटेशन करतो. "सिटीचं लिमिट आहे, जास्त टेक्स्ट चालत नाही. तुम्ही फ्रायडेपर्यंत ओके दिलंत की लगेच सबमिट करतो."

म्हणजे मी शुक्रवारपर्यंत मान हलवली की तू कायमचा थोर. मला त्या क्षणी काय आठवलं ते तुला सांगायला नको. कोरियातली ती नदी, आणि तिच्या काठी ओळीने उभे असलेले तुझे लाडके मामलेदार.

तुझ्या कंपनीने तुला तिकडच्या कारखान्यावर पाठवलं तेव्हा आपण सोलमध्ये राहणार अशी माझी समजूत होती. ती तू करून दिली होतीस. प्रत्यक्षात निघालं एक आडबाजूचं तालुक्याचं गाव. भातखाचरं, डोंगर, गाडीच्या सीटचे सांगाडे बनवणारा तुमचा कारखाना, आणि मधून वाहणारी एक रुंद, उथळ नदी. आपली लेक मीरा इथे अमेरिकेत कॉलेजात, तू दिवसभर कारखान्यात, आणि मी एका छोट्या फ्लॅटच्या खिडकीत. ना काम, ना भाषा. पहिले दोन महिने मी तुझ्याशी धड बोललेही नाही. मग तू दर शनिवारी मला त्या नदीकाठच्या पार्कात ओढून न्यायला लागलास.

त्या पार्काने मला वाचवलं, अशोक. हे मी तुला तेव्हा सांगितलं नाही, कारण तू ते डोक्यावर घेऊन नाचला असतास. आता सांगते. थंडीच्या आधी दोन्ही काठांवर गुलाबी-पांढरी फुलं नुसती सांडलेली असायची. नदी ओलांडायला पाण्यात मोठाले चौकोनी धोंडे टाकलेले होते, त्यांवरून तू माझ्या चपला हातात घेऊन पुढे जायचास आणि मधल्या धोंड्यावर उभा राहून माझी वाट बघायचास. पलीकडे लाकडी मंडप, बूट काढून वर चढायचं आणि म्हाताऱ्यांच्या शेजारी खुशाल आडवं व्हायचं. फाटकाशी बुटांवरची धूळ उडवायला हवेची नळी होती, ती तू स्वतःच्या उरल्यासुरल्या केसांवर धरलीस आणि व्यायामाच्या यंत्रांवरच्या आज्या हसून हसून खाली उतरल्या. मी इतकी वर्षं अमेरिकेत काढली, पण परक्या मुलखात आपलं कुणीतरी आहे असं मला त्या आज्यांमुळे वाटलं. तुझ्यामुळे असं म्हणणार होते, पण आज मी रागावलेली आहे.

आणि ते दगड. पार्काच्या टोकाला, कमरेइतके, खांद्याइतके, ओळीने उभे. काहींच्या खाली दगडी कासव. तू बघताक्षणी ठरवून टाकलंस, हे वीरगळ आहेत. तुमच्या साताऱ्याकडच्या गावात मारुतीच्या देवळामागे वीरगळ कलंडून पडलेले, म्हणून जगातला प्रत्येक उभा दगड तुला वीरगळच दिसायचा. लढाईत पडलेली माणसं, स्मिता, म्हणून तू हात जोडलेस आणि मलाही जोडायला लावलेस. महिनाभर आपण दर शनिवारी त्या दगडांना नमस्कार करत होतो. मग त्या मिस ली भेटल्या, शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या. आपल्याशी बोलून इंग्रजी घोटवून घ्यायच्या. आपले हात जोडलेले बघून त्या आधी गोंधळल्या आणि मग तोंडावर हात ठेवून हसत सुटल्या. हे सगळे जुन्या काळचे अधिकारी, त्या म्हणाल्या. बदली होऊन जाताना लोकांकडून स्वतःच्या चांगुलपणाचा दगड उभारून घ्यायचे. गावात म्हणतात, ज्याने जास्त छळलं त्याचा दगड जास्त उंच.

एक सातारकर आणि एक मिरजकरीण, महिनाभर कुणाच्या पाया पडत होते तर कोरियातल्या मामलेदारांच्या! तू हसत हसत गवतावर बसलास. त्यानंतर दर शनिवारी त्या ओळीपुढून जाताना तुझं चालायचं, "काय रावसाहेब, बदली कुठं झाली?" आणि सगळ्यांत उंच दगडापाशी थांबून तू मला म्हणाला होतास, "स्मिता, मी मेल्यावर माझा असला दगड उभारलास तर भूत होऊन मानगुटीवर बसेन." हे तुझे शब्द. मी पदरचं काही घालत नाहीये.

म्हणून काल मी विवेकला सांगितलं, "थोर काढ. आधारस्तंभ काढ. लाडके तर सगळ्यांत आधी काढ. आणि खरं म्हणजे बाकच नको. अशोकला असलं काही आवडायचं नाही."

विवेकचा चेहरा पडला. "पण काकू, बाक काकांनाच हवा होता. हॉस्पिटलमध्ये त्यांनी स्वतः मला सांगितलं. तुम्ही तेव्हा रूममध्ये नव्हता."

तू? तू बाक मागितलास? विवेककडे? माझ्यापुढे जन्मभर त्या मामलेदारांची नक्कल करून शेवटी स्वतःच त्या ओळीत जाऊन उभा राहिलास? मला इतका राग आला की हातातला कप मी टेबलावर जरा जोरातच ठेवला. अनघा दचकली. ती विवेकची बायको, नागपूरची, मनात आलेलं पोटात ठेवायची तिला सवय नाही.

"मग ते दुसरं पण सांगून टाक ना आता," ती विवेकला म्हणाली.

"अनघा, प्लीज यार. आपण ठरवलं होतं."

"तुम्ही लोकांनी ठरवलं होतं. काकूंना माहीत नको का?" आणि ती माझ्याकडे वळली. "काकू, कुसुम कोण?"

विवेकचे कान लाल झाले. मग अडखळत त्याने सांगितलं. काका म्हणाले, पार्कात एक बाक करा आणि त्यावर कुसुमचं नाव घाला. दोनदा म्हणाले. "काकू, ते हेवी मेडिसिन्सवर होते, कन्फ्यूज्ड असतील. तुम्हाला उगाच हर्ट व्हायला नको म्हणून कमिटीने ते ड्रॉप केलं."

कमिटीने! म्हणजे कमिटीत चर्चा झाली. अशोककाकांची कुणी कुसुम होती यावर मंडळाची मीटिंग बसली. तरीच तेराव्याला एकेक बाई माझा हात हातात घेऊन सोडायला तयार नव्हती. मला वाटलं नवरा गेला म्हणून. त्या तुझ्या प्रकरणाबद्दल माझं सांत्वन करत होत्या. जगात तुझ्यावर असला आळ घेणारी माणसं निघाली हे ऐकून खरं तर मला हसू यायला हवं होतं.

"कुसुम म्हणजे मी," मी म्हटलं.

"ऑ?" अनघा म्हणाली.

त्या दोघांना मी समजावून सांगितलं. ती नव्या काळातली मुलं, त्यांना ताटातले तांदूळ लग्नाच्या व्हिडिओत बघून माहीत. आमच्या वेळी त्या तांदळांचा जोर किती होता ते कुठून कळणार? तुझ्या घरी तुझ्या थोरल्या काकूंचं नाव कुसुम. एका घरात दोन कुसुम कशा चालतील, असं तुझी आई म्हणाली. म्हणून लग्नाच्या दिवशी तू अंगठीने तांदळात लिहिलंस, स्मिता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही हसले असेन, फोटोत तरी हसतेय. मला कुणी विचारलं नाही. त्या संध्याकाळपासून माझी कागदपत्रं, माझी नोकरी, माझा पासपोर्ट, माझं कुंकू, सगळं स्मिताचं.

आणि तुला ते नाव माहीत नव्हतं असं नाही. साखरपुडा आणि लग्न यांच्या मधल्या दिवसांत तू मिरजेला आला होतास. परत जाताना गाडी हलली तशी तू दारात उभा राहून मोठ्याने ओरडलास, "कुसुम!" पुढे काय सांगायचं होतं ते गाडीच्या आवाजात गेलं. प्लॅटफॉर्मवरचे हमाल वळून बघायला लागले. मी लाजेने मेले आणि घरापर्यंत हवेत चालत गेले. त्यानंतर तू ते नाव एकदाही उच्चारलं नाहीस. माझ्या माहेरची माणसं ते वापरत होती. आई गेली, अण्णा गेले, शेवटी धाकटी बहीण गेली. त्यानंतर मला कुसुम म्हणून ओळखणारा या पृथ्वीवर तू एकटा उरला होतास.

कोरियातल्या त्या पार्कातलं आपलं भांडण तुला आठवत असणारच, नाहीतर विवेकला तू ते सांगितलं नसतंस. मामलेदारांच्या ओळीपासून जरा बाजूला, कौलारू छप्पर आणि भोवती तांबड्या दांड्यांचं कुंपण असलेली ती छोटी घुमटी. मला ती ग्रामदेवी वाटली होती. मी पर्समधलं हळदकुंकू दांड्यांतून आत वाहिलं होतं, चांगलं दोन-तीन वेळा. मग मिस लींनी सांगितलं, ही एक चांगली बायको. नवरा मेला, तिनेही जीव दिला, म्हणून सरकारने तिचा मान केला. मी विचारलं, हिचं नाव काय? त्यांनी दगड पुन्हा वाचला आणि म्हणाल्या, नाव नाही. किम घराण्यातली बाई, एवढंच लिहिलंय. नवऱ्याचं नाव मात्र पूर्ण आहे.

माझं टाळकं सटकलं. जीव तिने दिला आणि नाव त्याचं? तर तू काय म्हणावंस? "अगं, आपल्याकडे सतीशिळेवर तेवढंही नसतं. नुसता बांगड्या भरलेला हात असतो. नाव कशाला हवं, लोक आठवण ठेवतात ना!"

हे कोण म्हणत होता, तर तू. पलीकडच्या टेकाडावर युद्धात मेलेल्या पोरांचा पांढरा स्तंभ होता, त्यावरच्या नावांवरून बोट फिरवत तू कोरियन अक्षरं शिकला होतास. दर शनिवारी चार-पाच नावं, शाळेतल्या पोरासारखी एकेक अक्षर जुळवत, आणि खणखणीत आवाजात. मी म्हणायचे, हळू वाच, लोक बघतात. तू म्हणायचास, बघू देत, बिचाऱ्यांची नावं कुणी घ्यायला नकोत का? परक्या मुलखातल्या, कधी न पाहिलेल्या पोरांची नावं तू मोठ्याने घेत होतास. आणि त्या बाईला नाव कशाला हवं!

मी तेव्हा तुला म्हटलं होतं, "माझंही नाव तुम्ही असंच काढून घेतलंत. निदान हिचा नवरा मेलेला होता. माझा धडधाकट उभा होता, अंगठी हातात घेऊन." धोंड्यांवरून परत येताना माझ्या चपला घेतल्यास, पण मधल्या धोंड्यावर थांबला नाहीस. फाटकाशी गाडीवरून गरमागरम, आत गूळ भरलेली पोळी आणून माझ्या हातात ठेवलीस. तुझी माफी नेहमी खाण्याची असायची. मी ती पोळी खाल्ली आणि मला वाटलं, उद्या बोलशील. पण तू जी मिठाची गुळणी धरलीस ती धरलीसच. आपण कोरियातून परत आलो, तू रिटायर झालास, आपण या नदीकाठच्या पार्कात रोज संध्याकाळी फिरायला लागलो. टॅक्सवर भांडलो, मीराच्या लग्नावर भांडलो, डिशवॉशर कसा भरायचा यावर तर रोज भांडलो. तेवढ्या एका भांडणाला तू हात लावला नाहीस. मला वाटलं, विसरलास.

विसरला नव्हतास. इतकी वर्षं ते मनात धरून होतास, आणि शेवटी सांगितलंस कुणाला, तर विवेकला! ज्याला कुसुम कोण हेही माहीत नाही त्याला. याला काय म्हणायचं? वरातीमागून घोडं म्हणायचं, तर ते घोडंसुद्धा दुसऱ्याच्या दारात बांधून गेलास. मी हसेन अशी भीती वाटली का तुला? हसले असते की. रडेन असं वाटलं? रडलेही असते. चाळीसहून अधिक वर्षं एका छपराखाली काढल्यावर बायकोला तिच्या नावाने हाक मारायला पुरुषाला कसली एवढी चोरी? तुला काय वाटलं, ते नाव परत केलं की तुझ्या आईचा अपमान होईल? तुझी आई जाऊनही किती काळ लोटला. मला तुझा राग येतो, अशोक. तू असा चांगला निघालास याचा जास्त येतो. साधा विसरभोळा नवरा असतास तर मी कालच्या कालच पाटीला हो म्हणून मोकळी झाले असते.

मीराला फोन केला. ती चँडलरहून रोज करतेच, पण काल मीच केला. "आई, वेट. युअर नेम वॉज कुसुम?" ती म्हणाली. पोटच्या पोरीला माहीत नाही. "व्हाय डिडन्ट यू एव्हर टेल मी?" मी म्हटलं, तू कधी विचारलं नाहीस. मग ती नाक ओढत म्हणाली, "बाबा वॉज सच अ... आय डोन्ट नो. शुड आय कॉल यू दॅट?" मी म्हटलं, अजिबात नाही, तू आई म्हण. तिला वाटलं मी तिच्यावर चिडले. मी तिच्यावर चिडले नव्हते.

आज सकाळी विवेकला फोन लावला. म्हटलं, लिहून घे. पाटीवर दोनच शब्द. कुसुम. अशोक.

"एवढंच? सरनेम?"

"नको."

"मंडळाचं नाव, काकू?"

"असू दे. बाकाच्या पाठीमागे, बारीक."

तो घुटमळला. "काकू, राग मानू नका, पण तुम्ही... म्हणजे तुम्ही आहात. आपल्या लोकांना जरा अशुभ वाटेल. मेमोरियल बेंचवर जिवंत माणसाचं नाव..."

"विवेक, माझं नाव मी जिवंत असतानाच गेलं होतं. तेव्हा कुणाला अशुभ वाटलं नाही, पेढे वाटले होते. घाल."

"आणि ऑर्डर कुठली? काका आधी ना?"

"कुसुम आधी," मी म्हटलं. "आणि कमिटीला सांग, तिचं काकांबरोबर लग्न झालं होतं."

तो हसला बिचारा. तर झालं तुझ्या मनासारखं. पुढच्या महिन्यात बाक बसेल. मी रोज संध्याकाळी तिथे येऊन बसेन, अजून बरीच वर्षं बसायचा विचार आहे. चालणारी माणसं थांबतील, वाचतील, एखादी गोरी म्हातारी चुकीच्या उच्चारात का होईना, मोठ्याने वाचेल. तू माझं नाव परत आणलंस, ते मी मान्य करते. तू माणूस म्हणून वाईट नव्हतास, हेही मान्य करते. पण माझा राग त्याने जायचा नाही.

विवेक म्हणतो, मी तेव्हा खोलीत नव्हते. खरं आहे. तुला भेटायला तो आला, तुझ्याजवळ कुणीतरी बसलंय म्हणून मी खाली कॉफी आणायला गेले. मशीनपुढे रांग होती. वर आले तर विवेक दाराशी उभा होता, म्हणाला, काका आत्ताच झोपले. त्यानंतर तू डोळे उघडले नाहीस. म्हणजे ते नाव तू उच्चारलंस तेव्हा मी दोन मजले खाली होते, हातात तुझ्यासाठीही एक कप घेऊन, डॉक्टर नको म्हणाले होते तरी. एवढी वर्षं थांबलास. आणखी थोडं थांबायचं होतंस, अशोक. मी येतच होते.